रेनकोट माळ्यावर टाकू नका: बेळगावच्या थंडीत मोटरसायकलवर काय घालावं

दसरा झाला की आमच्या भागात घरोघरी रेनकोट धुऊन, वाळवून, घडी करून माळ्यावर जातात. मग त्यांची आठवण थेट मृगाच्या तोंडावर. माझं पहिलं सांगणं हेच, की तो रेनकोट शिवरात्रीपर्यंत दाराशी खुंटीला राहू द्या. पहाटे गाडी काढणाऱ्याच्या घरात थंडीसाठी त्याच्याइतका कामाचा दुसरा कपडा नाही, आणि तो आधीच विकत घेतलेला असतो.

मी खानापूरहून बेळगावला उद्यमबागेत कामाला येतो. पहिली पाळी सातची. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत दिवस उगवायच्या आत बावीसेक किलोमीटर गाडी मारायची. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी एकावर एक दोन स्वेटर घालून, आईनं विणलेले लोकरीचे हातमोजे चढवून येत असे. एका सकाळी गेटवर पोचलो तर खिशातला पास काढता येईना. बोटं खिशात जात होती, पण चिमटीत काही धरत नव्हती. शेवटी वॉचमनमामांनीच पास काढून घेतला, माझा स्वेटर दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाले, "दोन काय, चार घाल. वरनं काय घातलास? थंडी नव्हं पोरा, वारं मारतंय तुला." दुसऱ्या दिवशी एकच स्वेटर आणि त्यावर रेनकोट घालून आलो. पास माझ्या हातानं काढला.

पुढं जे लिहितोय ते सगळं त्या एका वाक्याभोवतीच आहे.

वारा नेमकं काय करतो

आपलं अंग स्वतःभोवती गरम हवेचा एक पातळ थर धरून असतं. स्वेटर, रजई, धनगरांची घोंगडी यांत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवा ऊब देते. म्हणून शेकोटीपाशी बसलेल्याला घोंगडी पुरते. तीच घोंगडी पांघरून साठच्या स्पीडनं गाडी चालवली, तर विणीतून वारा आत शिरतो आणि तो गरम थर उडवून नेतो. तुम्ही कितीही जाड लोकर घाला, वारा तिच्यातून जातच राहतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. ऐन थंडीत पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या आठवड्यात १० च्या आसपास जातो. उत्तर भारतातल्या माणसाला ही थंडी किरकोळ वाटेल. पण हवा १० अंश असली आणि अंगावर ताशी ६० किलोमीटरचा वारा येत असला, तर उघड्या कातडीला ती साधारण ५ अंशांसारखी लागते. आणि तीही पाच मिनिटं नाही, अर्धा-पाऊण तास सलग.

दुसरी गोष्ट, बोटं गारठतात ती फक्त हातमोजे पातळ असतात म्हणून नाही. छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांकडे जाणारं रक्त कमी करतं. मग कितीही भारी ग्लोव्हज घाला, आत गरम रक्तच येत नाही. म्हणून हाताचा बंदोबस्त छातीपासून सुरू होतो. मी रेनकोट घातला आणि माझी बोटं सुधारली, ती याच कारणानं.

रात्रीच काढून ठेवा

पहाटे साडेपाचला अंधारात कपाट धुंडाळणारा माणूस निम्मे कपडे विसरतो. रात्री जेवणानंतर सगळं एका खुर्चीवर घालायच्या क्रमानं ठेवा, सगळ्यात वर बनियन आणि सगळ्यात खाली रेनकोट. हातमोजे हेल्मेटमध्ये घाला. सगळे कपडे पूर्ण कोरडे आहेत ना ते हातानं चाचपून बघा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळे जरासं ओलसर बनियनही सगळ्या थरांची मेहनत वाया घालवतं. थंडीत धुतलेले मोजे वरून वाळल्यासारखे दिसतात, पण टाचेजवळ ओल राहते. तिथं मुद्दाम दाबून बघा.

अंगाला लागून काय घालायचं

सुती बनियन उन्हाळ्यात चांगलं, कारण ते घाम शोषून धरतं. थंडीत तेच नको असतं. अंगाला लागून घाम बाहेर सोडणारं कापड हवं. थर्मल असेल तर उत्तम. नसेल तर क्रिकेट-फुटबॉलची जर्सी असते ना, पॉलिस्टरची, ती घाला. आमच्या बेळगावात गल्लीगल्लीतल्या पोरांकडे फुटबॉलच्या जर्सीला तोटा नाही. ती अंगाला बेताची बसली पाहिजे, फार सैल नको. खोचून घाला. कमरेवर दोन बोटांची फट राहिली तरी पुढं वाकून हँडल धरल्यावर पाठीत वारा शिरतो, आणि संध्याकाळी कंबर धरली की माणूस सीटला दोष देतो.

खाली थर्मलची किंवा साधी होजिअरीची लेगिंग पँटच्या आत घालावी. पुरुषमंडळी याला लाजतात. लाजू नका. गुडघे सगळ्यात पुढं असतात, आणि गुडघ्याच्या वाटीवर चरबी-मांस नसतं.

मधला थर

इथं घरातला स्वेटर चालतो, आणि एकच पुरतो. लोकरीचा असेल तर बरं, कारण लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून राहते. फ्लीसचं कापड वजनाला हलकं आणि लवकर वाळणारं. कॉलेजच्या पोरांच्या टोपीवाल्या हुडी बहुतेक सुती असतात. त्या घरात बऱ्या, पण दवात भिजल्या की दुपारपर्यंत वाळत नाहीत. शिवाय मागची टोपी वाऱ्यानं फुगून मान मागं खेचते. घालायचीच असेल तर टोपी आत दुमडा.

स्वेटर निवडताना हात पुढं करून बघा, जणू हँडल धरलंय. बाही मनगटाच्या वर सरकली तर तो स्वेटर गाडीसाठी नाही.

आता एक जुनी युक्ती सांगतो, सायकलवाल्यांच्या जमान्यातली. कालचा 'तरुण भारत' घ्या, चार-पाच पानं उघडून सपाट थर करा आणि स्वेटर आणि वरच्या कपड्याच्या मध्ये गळ्याच्या हाडापासून बेंबीपर्यंत बसवा. कागदातून वारा जात नाही आणि पानांच्या मध्ये हवा राहते. मी आजही जांबोटीकडं जायचं असेल तेव्हा हे करतो. पोचल्यावर कागद काढून घडी करून सीटखाली ठेवा, परतीला उपयोगी पडतो. दमट झाला असेल तर टाकून द्या.

सगळ्यात वरचा थर: इथं कसर करू नका

वरचा कपडा वारा पूर्ण अडवणारा पाहिजे. तो जाड असायची गरज नाही. दुकानात जर्किन घ्यायला गेलात तर एक परीक्षा करा: कापड ओठांवर घट्ट धरून जोरात फुंकर मारा आणि पलीकडं तळहात ठेवा. हाताला फुंकर लागली तर ते जर्किन कितीही फुगीर आणि महाग असो, गाडीवर चालणार नाही. चेनच्या मागं कापडाची पट्टी आहे का बघा. ती नसेल तर चेनच्या दातांतून वारा आत येतो आणि छातीवर बरोबर मधोमध गार रेघ उमटते. मनगटाला वेल्क्रो किंवा इलॅस्टिक, कमरेला नाडी, आणि कॉलर हनुवटीपर्यंत येणारी.

एवढं सगळं असलेलं जर्किन नसेल तर रेनकोट आहेच. मात्र त्याच्या दोन सवयी सांभाळाव्या लागतात. पहिली, त्यातून घामही बाहेर जात नाही. म्हणून घरात रेनकोट चढवून मग गाडी पुसणं, किक मारत बसणं, गोठ्यात डोकावणं असलं काही करू नका. गाडी चालू करून ठेवा, सगळं आवरा आणि अगदी निघताना रेनकोट चढवा. पोचल्यावर पहिलं काम तो काढायचं. दुसरी, तो आतल्या स्वेटरला दाबून टाकण्याइतका घट्ट नको. स्वेटर दबला की त्यातली हवा गेली, आणि हवा गेली की ऊब गेली. पुढच्या पावसाळ्यात नवा घ्याल तेव्हा एक नंबर मोठा घ्या.

रेनकोटाची पँटसुद्धा घाला. हे बहुतेक जण करत नाहीत आणि मग संधिवाताची गोळी शोधतात. जीन्स जाड दिसते, पण तिच्यातून वारा सहज जातो. रेनकोटाच्या पँटनं मांड्या आणि गुडघे दोन्ही वाचतात.

काळा किंवा गडद निळा रेनकोट असेल तर पाठीवर आणि बाह्यांवर चकाकणारी पट्टी चिकटवा. धुक्यात, दिवस उगवायच्या आत, गडद कपड्यातला माणूस मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसतच नाही.

हात

हातांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण गारठलेली बोटं हा नुसता त्रास नाही. ब्रेकचा दांडा बोटांनी ओढायचा असतो.

विणलेल्या लोकरी हातमोज्यांतून वारा जातो, आणि ते दांड्यावर सटकतात. आईनं विणलेले असले तरी ते एकटे घालू नका. चामड्याचे किंवा वारा न जाणारे, आत अस्तर असलेले ग्लोव्हज घ्या. दुकानात घालून मूठ वळा, मग बोटं ताणा. बोटांच्या टोकाशी अगदी थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे. घट्ट ग्लोव्हज रक्त अडवतात आणि उलट जास्त गारठवतात. मग तिथंच दोन बोटांनी ब्रेक ओढल्यासारखं करा. बोट वाकायला जोर लागत असेल तर ते ग्लोव्हज फार जाड आहेत.

नवे ग्लोव्हज घ्यायला पैसे नसतील त्या महिन्यात औषधाच्या दुकानातले पातळ रबरी हातमोजे घ्या, डॉक्टर वापरतात तसले. ते आत आणि लोकरीचे वर. रबर वारा अडवतं, लोकर हवा धरते. बोटं थोडी घामेजतात, पण बावीस किलोमीटर आरामात निघतात. सटकण्याचा प्रश्न मात्र राहतोच, म्हणून लोकरीच्या मोज्यांच्या तळव्याला जुन्या चामड्याचा तुकडा शिवून घ्या. चप्पल शिवणारे काका करून देतात.

मनगट विसरू नका. तिथं नसा कातडीच्या अगदी जवळ असतात आणि रेनकोटाची बाही फुगली की वारा थेट काखेपर्यंत जातो. ग्लोव्हज आखूड असतील तर त्यांचा काठ बाहीच्या आत जाऊ द्या आणि वेल्क्रो ओढा. लांब मनगटाचे असतील तर ते बाहीवरून चढवा. वेल्क्रो तुटला असेल तर एक रुंद रबरबँड पुरतो, फक्त तो कातडीवर रुतू देऊ नका.

हँडलला पुढून आडोसा करणारे हँडगार्ड लावले तर निम्मं काम होतं. काही जण ऑईलचा रिकामा कॅन कापून घरीच करतात. चालेल, पण हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून आणि क्लच-ब्रेक पूर्ण दाबून बघा. प्लास्टिक कुठंही दांड्याला अडता कामा नये.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गारठलेले हात सायलेन्सरवर किंवा इंजिनावर शेकू नका. बधिर बोटांना चटका कळत नाही, कळतो तेव्हा फोड आलेला असतो, आणि रबरी किंवा नायलॉनचा मोजा वितळून कातडीला चिकटतो. हात काखेत घाला. दोन मिनिटांत बोटं मोकळी होतात.

डोकं, मान, चेहरा

माकडटोपी आमच्याकडची जुनी सोबतीण. पण जाड लोकरीची माकडटोपी हेल्मेटच्या आत घातली की हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, वर चढून राहतं आणि पडल्यावर निघून जाऊ शकतं. हेल्मेटच्या आत पातळ, ताणणारी, गळ्यापर्यंत येणारी टोपी घाला. ती घालून पट्टा लावा आणि हेल्मेट दोन्ही हातांनी हलवून बघा. कातडीबरोबर हललं पाहिजे, कातडीवरून सरकता कामा नये. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं आणि आयएसआय चिन्हाचं घ्या. १ जून २०२१ पासून त्या चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला बिनचिन्हाची टांगलेली दिसतात.

मफलरची टोकं मोकळी सोडू नका. मफलर गळ्याभोवती एकदा फिरवून दोन्ही टोकं जर्किनच्या आत घाला आणि मग चेन ओढा. मागच्या चाकात, गाडीच्या चेनमध्ये अडकलेल्या मफलरनं आणि ओढणीनं जीव गेलेले आहेत. त्यापेक्षा मानेत घालायचा नळीसारखा बफ बरा. त्याला टोकंच नसतात.

श्वासानं काचेवर वाफ धरते, आणि धुक्यात ती सगळ्यात वाईट. रात्री काचेच्या आतल्या बाजूला अंघोळीच्या साबणाचा अगदी पातळ हात फिरवा आणि कोरड्या मऊ फडक्यानं डाग जाईपर्यंत पुसा. न दिसणारा थर राहतो, त्यानं वाफ बऱ्यापैकी धरत नाही. नाक-तोंड बफनं असं झाका की श्वास खाली जाईल. आणि काच एक खाच उघडी ठेवा. चष्मा असेल तर हेल्मेट घातल्यानंतर शेवटी चढवा.

पाय

चप्पल नको, एवढं झालं तरी पुष्कळ. बूट बंद, जाळी नसलेले. जाळीच्या स्पोर्ट्स शूजमध्ये वारा भरतो. ते एवढेच असतील तर एक मोजा, त्यावर कपड्याच्या दुकानातली पातळ प्लास्टिकची पिशवी, त्यावर दुसरा मोजा. दोन मोज्यांनी बूट आवळायला लागला तर एकच घाला. बोटं बुटात हलली पाहिजेत.

मागं बसणारी माणसं आणि पोरं

मागच्या माणसाला वारा कमी लागतो, पण तो हालचाल करत नाही म्हणून लवकर गारठतो. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बायकांच्या पोटऱ्या सगळा रस्ता वाऱ्यात असतात. साडीच्या आत लेगिंग आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला. शाल नुसती पांघरू नका, वर जर्किन घालून ती आत बंद करा. पदर कमरेत खोचा. मागच्यालाही हेल्मेट कायद्यानं हवंच.

लहान पोराला टाकीवर पुढं बसवून शाळेला नेणारे बाप रोज दिसतात. गाडीवर सगळ्यात जास्त वारा त्याच पोराला लागतो, बापाचा तो जणू आडोसाच होतो. लहान अंगातली ऊब मोठ्यापेक्षा लवकर जाते. पोराला मागं बसवा, त्याच्या मापाचं हेल्मेट घाला, आणि चार वर्षांच्या आतलं असेल तर पट्ट्यानं गाडी चालवणाऱ्याला बांधा आणि ४० च्या वर जाऊ नका. हा नियमही आहे. पोर बोलायचं थांबलं, पेंगायला लागलं तर झोप आली असं समजू नका. थांबा आणि त्याचे हात बघा.

दमा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी पहाटेची फेरी डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. जमत असेल तर आठनंतर निघा.

रस्त्यावर

उपाशी निघू नका. भाकरीचा तुकडा, वाटीभर पोहे, काहीतरी पोटात असू द्या. अंगाला ऊब तयार करायला जळण लागतं. दारूनं ऊब येते हा समज काढून टाका. दारूनं कातडीकडं रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आणि तेवढीच ऊब बाहेर निघून जाते.

आपल्याकडच्या रस्त्यांवर थंडी सगळीकडं सारखी नसते. गार हवा जड असते, ती खोलगट जागी साचते. खानापुरात मलप्रभेच्या काठाला, भाताच्या खाचरांच्या बाजूनं, हिडकल धरणाच्या आसपास, जांबोटी-कणकुंबीच्या झाडीत अचानक गार भिंतीत शिरल्यासारखं होतं. चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्यांनी बेळगावात बरं वाटतंय म्हणून स्वेटर डिकीत टाकू नये. घाट उतरून साखळीकडं गेलात की मग काढा, तिथं दमट उकाडा सुरू होतो. निपाणी-संकेश्वर-चिकोडी बाजूला थंडी म्हणजेच उसाचा गळीत हंगाम. पहाटे धुक्यात मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. गारठलेला माणूस उशिरा ब्रेक दाबतो. तिथं स्पीड चाळीसवर आणा, वाराही कमी लागेल.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक परीक्षा करा, गाडी बाजूला थांबवून. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा. सहज लागलं तर चला. बोटं वाकडी पडली, लागेना, किंवा दात वाजायला लागले, तर पुढचं गाव गाठायचा हट्ट न करता टपरी दिसेल तिथं थांबा. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसा, खांदे गोल फिरवा, जागच्या जागी वीस-पंचवीस बैठका मारा. नुसता चहा पिऊन लगेच निघालात तर पाच मिनिटांत पुन्हा तेच.

पोचल्यावर आणि परतताना

आमच्याकडं सकाळी गारठा आणि दुपारी ऊन २८-३० अंशांपर्यंत. त्यामुळे सगळे थर उतरवता आले पाहिजेत आणि ठेवायला जागा पाहिजे. मी एक जुनी कापडी पिशवी डिकीत ठेवतो, त्यात एक कोरडं बनियनही असतं. दिवसभर मशीनवर घाम आलेला असतो. संध्याकाळी त्याच ओल्या बनियनवर स्वेटर चढवून निघालं की मच्छे-देसूर ओलांडेपर्यंत पाठ बर्फ होते. निघण्याआधी बाथरूममध्ये जाऊन बनियन बदला, मग बाकीचं घाला.

घरी आल्यावर ग्लोव्हजमध्ये कागदाचे बोळे कोंबून चुलीपासून हातभर लांब ठेवा, जवळ ठेवले तर चामडं तडकतं. बुटांतही कागद. रेनकोट उलटा करून, आतली बाजू बाहेर, खुंटीला लावा. आतला घाम रात्रीत उडून जातो आणि सकाळी तो कोरडा हाताला येतो.